दोन बोटांची फट

"बोलू नकोस. चौथा मजला येऊ दे," हे म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

लिफ्टमध्ये आम्ही दोघं आणि फायलींचा गठ्ठा छातीशी धरलेली एक मुलगी. ती माझ्याकडे बघायला लागली. मी कसंनुसं हसले. मान तिरकी करून, डोळे मिटून उभ्या असलेल्या चोपन्न वर्षांच्या नवऱ्याबद्दल परक्या मुलीला सांगायचं तरी काय? चौथा मजला आला, मुलगी उतरली, दार लागलं.

"ऐकू आलं?"

"काय?"

"टक् झालं की! दाराचा वरचा रोलर झिजलाय. एका बाजूनं पार खाल्लाय."

मला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं. तरी मी वहीत लिहून घेतलं: काचेची कचेरी, दार, वरचा रोलर. घरी जाऊन मेल मलाच लिहायचा होता.

एकोणतीस वर्षं यांनी एकाच कंपनीत लिफ्ट दुरुस्त केल्या. मग नव्या लिफ्ट आपलं दुखणं आपणच ऑफिसच्या पडद्यावर कळवायला लागल्या आणि कान लावून ऐकणाऱ्या माणसांना कंपनीनं घरी पाठवलं. घरी आल्यावर पंधरा दिवस हे फ्रीजला कान लावून बसत. माझ्या शिलाई मशीनला तर इतकं तेल पाजलं, की एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टाची वाट लागली.

माझ्या धाकट्या भावाचं पडद्यांचं दुकान आहे. तो म्हणाला, "भाऊजी, मापं घ्यायला मला माणूस हवाच आहे. घरचंच दुकान, मानानं बसा." यात वाईट काय होतं? मला तर हायसं वाटलं. पण यांचा चेहरा पार पडला.

"तिथं फिरणारं काहीच नाही गं," हे नंतर मला म्हणाले. "एक पंखा आहे, तोही नवा."

शेवटी एक महिना ठरला. महिन्यात यंत्रांजवळची नोकरी मिळाली तर उत्तम, नाहीतर पुढल्या पहिल्या तारखेला पडदे. यांनी माझ्या भावाला तसा शब्द दिला, आणि आमचे हे शब्द दिला की पाळणारच.

परगावी नोकरी करणाऱ्या लेकीनं फोनवर आमची शिकवणी घेतली. "आई, जाहिरातींच्या मागे लागू नका. वयाचा आकडा बघूनच बाजूला ठेवतात. जाहिरात नसली तरी सरळ मेल टाकायचा. थोडक्यात लिहायचं. रडगाणं नको. आणि 'मला नोकरी द्या' असं नको, त्यांचं काय अडलंय ते लिहायचं."

"त्यांचं काय अडलंय ते आपल्याला कसं कळणार?" मी विचारलं.

"मला कळेल," हे माझ्या शेजारून म्हणाले.

तर असं सुरू झालं आमचं ते वर-खाली. जेवणं आटोपली की बाहेर पडायचो. कचेऱ्या, वाचनालय, हॉटेल, डोळ्यांचा दवाखाना. जिथं लिफ्ट तिथं आम्ही. आत शिरायचं, शेवटचा मजला दाबायचा, यांनी डोळे मिटायचे. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण दुपारच्या वेळी दोघंच कुठंही न जाता असं हिंडणं आमच्या नशिबी कधी आलं नव्हतं. हळूहळू मीही डोळे मिटायला लागले. मिटलेल्या डोळ्यांनी वर जाताना शरीर मागं राहतं आणि आपण पुढं निघतो, असं काहीतरी वाटायचं. एका दुपारी पडल्या पडल्या मला स्वप्न पडलं, की आमची खोली, शिलाई मशीन, कपड्यांचा ढीग, सगळं सावकाश वर चाललंय, आणि हे कोपऱ्यात उभे राहून म्हणताहेत, "घाबरू नकोस, दोर चांगले आहेत." जागी झाले तेव्हा मला खाली यावंसंच वाटेना.

संध्याकाळी मी मेल लिहायची. हे सांगत आणि मी टाइप करत असे, कारण यांची बोटं एका वेळी तीन अक्षरं दाबतात. "सप्रेम नमस्कार. आपल्या लिफ्टच्या दाराचा वरचा रोलर झिजला आहे. पाव तासाचं काम आहे. अमुक मापाचा घालावा, तमुक पाना लागेल. आपला विश्वासू." असे एकेचाळीस मेल गेले.

उत्तर एकच आलं. हॉटेलचं. "आपला संदेश मिळाला. आम्ही आपले आभारी आहोत." यांना कोण आनंद झाला! लगेच उलट आभार मानले. तिकडून पुन्हा आभार आले. यांनी पुन्हा मानले. चौथ्या खेपेला लेकीला फोन केला, तेव्हा ती हसून हसून बेजार झाली. "बाबा, ते कुणी माणूस नाहीये. मशीन आपोआप उत्तर देतं."

"असेना," हे म्हणाले. "वेळेवर देतं."

मग लेकीनं आमचे मेल वाचायला मागितले आणि वाचून तिनं कपाळावर हात मारला. तो मला फोनवरसुद्धा ऐकू आला. "अहो बाबा, दुखणं सांगताय ते ठीक, पण औषधसुद्धा फुकट सांगून मोकळे होताय! मग ते तुम्हाला बोलावतील कशाला?"

"अगं, पण माहीत असून सांगायचं नाही?"

माझ्या मात्र लेकीचं ते बोलणं डोक्यात बसलं. महिना संपायला दहा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोठ्या दवाखान्यात गेलो. जुनी, रुंद लिफ्ट. स्ट्रेचर आत मावेल अशी. खाली येताना ती दुसऱ्या मजल्यावर थांबली ती जमिनीच्या दोन बोटं खाली. वॉर्डबॉयनं स्ट्रेचर बाहेर ढकललं, चाक त्या कडेला अडलं, धाडकन धक्का बसला आणि वरची म्हातारी कळवळली. "आई गं!" यांनी डोळे उघडले. तडक घराकडे निघाले. आल्यावर उभ्यानंच मेल सांगितला: लिफ्ट जमिनीच्या दोन बोटं खाली थांबते, ब्रेकचे लाइनर म्हणजे आतल्या पट्ट्या झिजल्यात, भार वाढला की लिफ्ट घसरते, लाइनर बदलून स्प्रिंग आवळा, अर्ध्या दिवसाचं काम, आजच करा.

मी सगळं टाइप केलं. हे हात-पाय धुवायला गेले, तेव्हा मी खालच्या चार ओळी पुसल्या आणि लिहिलं, "कारण मला माहीत आहे. समक्ष बोलावल्यास सांगेन." आणि पाठवून दिलं. हो, मी केलं हे. माझा माणूस पडद्यांच्या ढिगात बसून वाळून जाईल, हे मला बघवत नव्हतं.

आठव्या दिवशी दवाखान्यातून फोन आला. व्यवस्थापक स्वतः बोलत होते. "तुमचा मेल वाचला. उद्या अकराला या. आम्हाला कायमचा माणूस ठेवायचाच आहे." मी तर उड्या मारायचीच बाकी होते. यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे वळले.

"ते विचारत होते, कारण काय आहे. मेलमध्ये लिहिलं होतं ना?"

मला खोटं बोलता येत नाही. निदान यांच्यासमोर तरी.

हे ओरडले असते तर बरं झालं असतं. खुर्चीत बसले आणि बोटांवर मोजायला लागले. "आठ दिवस. दिवसाला वीस-पंचवीस स्ट्रेचर उतरत असतील. अगं, पोटाचं ऑपरेशन झालेली माणसं असतात त्यांच्यावर."

"माझं चुकलं," मी म्हणाले. मला रडूच आलं. "पण तुमच्यासाठीच केलं हो."

"ते कळतं मला," हे म्हणाले, आणि त्यांनी व्यवस्थापकांना उलट फोन लावला. लाइनर, स्प्रिंग, माप, सगळं सांगितलं. वर म्हणाले, "उद्यापर्यंत थांबू नका. ज्यांच्याकडे देखभाल असेल त्यांना आजच बोलवा." मी समोर उभी राहून ऐकत होते आणि नोकरी एकेका शब्दागणिक हातातून जाताना बघत होते.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून हे गेले, आणि अर्ध्या तासात परत आले. व्यवस्थापकांनी चहा दिला. फार उपयोग झाला म्हणाले. जागेचं मात्र तूर्त थांबलंय, कळवू म्हणाले.

"नोकरीचा तुम्ही विषय काढलात ना?"

"लिफ्ट नीट झाली का ते विचारलं. बंद ठेवली होती, काम चालू होतं."

"आणि नोकरीचं?"

"राहिलं की गं," हे म्हणाले.

मी हात टेकले. पहिल्या तारखेला हे दुकानात गेले. मेलची पेटी मी बरेच दिवस उघडत राहिले. हॉटेलच्या मशीनचे चार आभार, बाकी सामसूम. हे तक्रार करत नाहीत. मापं अगदी अचूक घेतात, माझा भाऊ खूश आहे. फक्त संध्याकाळी घरी आल्यावर पूर्वीसारखं काही ऐकत नाहीत. फ्रीज परवा खडखडत होता, तो मलाच आधी ऐकू आला.

परवाच दवाखान्याच्या वॉर्डातल्या खाटांमधल्या पडद्यांचं काम दुकानाला मिळालं. मापं यांनी घ्यायची, शिवायचे मी, म्हणून दोघं गेलो. तिसऱ्या मजल्यावरून खाली येताना त्याच लिफ्टमध्ये शिरलो. गळ्यात मापाची टेप, हातात कापडाचे नमुने, असे हे एका कोपऱ्यात. मध्ये स्ट्रेचर, त्यावर एक आजोबा गाढ झोपलेले. सवयीनं मी डोळे मिटले.

लिफ्ट कधी थांबली ते मला कळलंच नाही. दार उघडलं. वॉर्डबॉयनं स्ट्रेचर ढकललं आणि चाकं जमिनीवरून जमिनीवर गेली. आजोबांची पापणीसुद्धा हलली नाही. मी यांच्याकडे बघितलं. यांचे डोळे अजून मिटलेले होते.

मग हे दारापर्यंत आले, खाली वाकले आणि लिफ्टच्या कडेवरून एक बोट फिरवत पलीकडं जमिनीवर घेऊन गेले. सावकाश, पुन्हा एकदा उलट. दार धरून उभी असलेली नर्स खोळंबली होती.

"काका, काही पडलंय का तुमचं?"

"नाही, नाही," हे म्हणाले, आणि टेप सावरत बाजूला झाले.