दोनदाच विचारलेली गाडी

व्हर्लिन टोस्टरुडच्या शेताच्या कडेला झाडांची एक रांग होती आणि त्या रांगेत एक पिकअप गाडी एकोणीस वर्षं उभी होती. उभी म्हणायचं ते केवळ तिची अब्रू राखायला. चारही टायर बसलेले, पोट पालापाचोळ्यात रुतलेलं, मागच्या हौद्याचा पत्रा फोडून मनगटाएवढं झाड वर आलेलं. गाडीचा रंग मुळात निळा होता हे सांगू शकणारी माणसं गावात तीनच उरली होती, आणि त्यातले दोघे टोस्टरुडच होते.

नोव्हेंबरात एका सकाळी कर्टचा फोन आला. कर्ट हा आमच्या गावातल्या हौशी बंबवाल्यांचा म्होरक्या. हे लोक दर हिवाळ्यात एखादी भंगार गाडी आतून रिकामी करतात, साखळी बांधून गोठलेल्या तलावावर नेऊन ठेवतात, आणि वसंतात बर्फ फुटून ती कुठल्या दिवशी बुडेल यावर सारा तालुका अंदाज लावतो. ज्याचा दिवस बरोबर येईल त्याला अर्धा डुक्कर. याहून मोठी करमणूक आमच्याकडे नाही. असती, तर एवढी माणसं मार्चमध्ये काठावर उभी राहून बर्फाकडे बघत बसली नसती.

"या वर्षी ठेवायला काही मिळत नाहीये," कर्ट म्हणाला. "तुमची ती झाडातली चालेल का? म्हणजे तुमच्या मनात दुसरं काही नसेल तर. असेल तर राहू दे बरं का. घाई अजिबात नाही. शनिवारी ट्रॅक्टर घेऊन येतो."

व्हर्लिन म्हणाला, "बघतो."

आमच्याकडे 'बघतो'चे अर्थ पुष्कळ आहेत. त्यातला एकही 'हो' नाही.

"बघतो काय?" त्याची बायको अर्डिस अंडी उलटता उलटता म्हणाली. "एकोणीस वर्षं बघतोच आहेस. खिडकीतून बघतोस, गोठ्यातून बघतोस. माझ्याकडे इतकं बघितलं असतंस तर माझं पोट तरी आत राहिलं असतं. देऊन टाक."

"माझी एकट्याची नाही ती."

"मग ऑरिनला विचार."

"ऑरिनच्याच मनात काय आहे ते..."

"अरे देवा," अर्डिस म्हणाली, आणि अंडी जरा जास्तच जोरात ताटलीत पडली.

ऑरिन हा व्हर्लिनचा थोरला भाऊ. चौऱ्याहत्तर वर्षांचा, बिनलग्नाचा, झाडांच्या पलीकडच्या जुन्या घरात एकटा राहणारा. गाडी त्यांच्या बापाची, पामरची. आता ती दोघांपैकी कोणाची हे ठरायचं राहून गेलं होतं. भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं. भांडणं कधीतरी मिटतात. यांच्यात सौजन्य होतं.

आमच्या मिनेसोटात कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नाही म्हणायचं. दुसऱ्यांदा 'छे, कशाला' म्हणायचं. तिसऱ्यांदा 'बरं, तू एवढं म्हणतोसच तर' म्हणून घ्यायचं. पहिल्या खेपेला हो म्हणणारा हावरट, आणि तिसऱ्यांदा न विचारणारा कद्रू. मग ती कॉफी असो, शेवटचा केकचा तुकडा असो, की बापाची गाडी.

पामरला पुरल्यावर चर्चच्या तळघरात जेवण होतं. ऑरिन म्हणाला, "गाडी तू घे." व्हर्लिन म्हणाला, "नको, तूच घे." ऑरिन म्हणाला, "अरे घे, माझ्याकडे आहे एक." व्हर्लिन म्हणाला, "छे, माझ्याकडेही आहे." दोनदा झालं. तिसऱ्यांदा विचारायला ऑरिनने तोंड उघडलं, आणि नेमकी पाद्रीबाई किटली घेऊन पुढ्यात उभी राहिली. कॉफी घेणार का? नको नको. थोडी? छे, कशाला. घ्या हो! बरं, एवढं म्हणताच तर. तिचं तीनदा विचारून झालं, कॉफी ओतून झाली, आणि तोवर गोष्ट बिटाच्या भावावर गेली. गाडीचं तिसरं विचारणं त्या कपात जे बुडालं ते आजतागायत वर आलं नाही.

विषय पुन्हा काढायचा कोणी? व्हर्लिनने काढला तर मागितल्यासारखं दिसणार. ऑरिनच्या डोक्यात काय होतं देव जाणे. गाडी उचलून गोठ्यात ठेवावी तर हक्क सांगितल्यासारखं. म्हणून ती ज्या झाडाखाली बापाने शेवटची लावली होती तिथेच राहिली. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. इथे गंजही तिचाच भाऊ निघाला.

आता मात्र दिवस भरले होते. ऑरिनचे गुडघे संपले होते आणि एक डिसेंबरला तो गावात, दवाखान्यामागच्या म्हाताऱ्यांच्या खोल्यांत राहायला जाणार होता. व्हर्लिनला गाडी हवी होती. भयंकर हवी होती. त्या गाडीत त्याला बापाने मांडीवर बसवून गिअर टाकायला शिकवलं होतं. पण ती तलावात गेली आणि ऑरिन गावात गेला, की झाडांपाशी जायला काही कारण उरणार नाही, आणि पलीकडून हात करायला कोणी उरणार नाही, हेही त्याला रात्रंदिवस दिसत होतं. हे त्याने बायकोलाही सांगितलं नाही. तिला अर्थातच माहीत होतं.

शनिवारी सकाळी दोघे भाऊ गाडीपाशी भेटले. व्हर्लिनच्या हातात स्क्रूड्रायव्हर, ऑरिनच्या हातात काठी. दहा मिनिटं वाऱ्याविषयी बोलणं झालं. मग पाच मिनिटं बर्फाविषयी.

"वाचण्यासारखी आहे का बघू म्हटलं," व्हर्लिन म्हणाला. "म्हणजे कर्टला सांगायला."

"बघ की."

व्हर्लिन पालापाचोळ्यात आडवा झाला आणि त्याने चॅसीत, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यात, स्क्रूड्रायव्हर टोचला. तो केकमध्ये जावा तसा मुठीपर्यंत आत गेला. दुसरीकडे टोचला, तिथेही गेला. तिसरीकडे तर टोचण्याआधीच एक तुकडा कपाळावर पडला.

"कसं आहे?" वरून ऑरिनने विचारलं.

"वाईट नाही," व्हर्लिन म्हणाला. मेलेल्या माणसाविषयीही आम्ही हेच म्हणतो.

मग त्याने बॉनेट उघडलं. इंजिनावर धूळ नव्हती. प्लग साफ होते. तेलाची काडी काढली तर तेल मधासारखं पिवळं. त्याने पाना लावून इंजिन फिरवून पाहिलं, तर एकोणीस वर्षं जाम व्हायला हवं होतं ते लोण्यासारखं फिरलं.

"हे कुणी केलं?"

ऑरिनने आभाळाकडे पाहिलं. "वाऱ्याने असेल."

"वाऱ्याने तेल बदललं?"

"दर वसंतात जरा वारं असतं." मग ऑरिनने दार ओढलं. आतून डांबरगोळ्यांचा वास भपकन बाहेर आला. सीटचा एक धागा उंदराने कुरतडला नव्हता. सीटवर जुनं ब्लँकेट नीट घडी घालून ठेवलेलं होतं. त्यावर अर्डिसच्या हातची शिवण होती. "आणि हे?" त्याने विचारलं.

"उंदीर," व्हर्लिन म्हणाला. "स्वच्छ असतात काही काही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. एकोणीस वर्षं एक जण वसंतात चोरून इंजिन सांभाळत होता, दुसरा हिवाळ्याच्या तोंडावर चोरून सीट. जे झाकून करता आलं ते सगळं झालं होतं. खालून विटा लावून गाडी जमिनीपासून वीतभर उचलायला हवी होती, पण ते दुसऱ्याला दिसलं असतं.

तेवढ्यात रस्त्यावर कर्टचा ट्रॅक्टर दिसला.

"तर मग," ऑरिन म्हणाला, "नेऊ दे त्याला. तुला नकोच होती."

"तुला नकोच होती म्हणून मला नको होती."

"मला नको असं कधी म्हणालो मी?"

"तू 'गाडी तू घे' म्हणालास!"

"तूही म्हणालास!"

"दोनदाच म्हणालास!" व्हर्लिन ओरडला. टोस्टरुड घराण्यात याआधी ओरडण्याची नोंद नव्हती. ट्रॅक्टरवरच्या कर्टनेसुद्धा मान वळवली. "तिसऱ्यांदा विचारलंच नाहीस! हवी आहे मला ती. तेव्हाही हवी होती. आणि तू गावात जाऊ नयेस असं वाटतं मला. झालं? बोललो. आता काय म्हणायचं ते म्हण."

सगळं बोलून झाल्यावर त्याला लाज वाटली. सत्तर वर्षांच्या माणसाने काहीतरी हवं म्हणणं हे आमच्याकडे भर चर्चमध्ये चड्डी घसरण्याइतकं वाईट.

ऑरिन काठीने पानं उकरू लागला. "मी तुझी वाट बघत होतो," तो म्हणाला. "मला वाटलं, विषय तू काढशील. मग वाटलं, आता काढला तर म्हाताऱ्याला गाडीची हाव सुटली म्हणशील." "मूर्ख आहोत रे आपण."

कर्ट येऊन उभा राहिला. त्याने चॅसीला लाथ घातली आणि त्याचा बूट आत अडकला. "म्हणजे मग... न्यायची का? की तुमच्या मनात..."

"सीटपासून पुढे आमची," ऑरिन म्हणाला. "मागचा हौदा सोमवारी कापून ने."

"नुसता हौदा?"

"बुडायला तेवढा पुरेल."

"लोकांना सांगू काय?"

"झाडासकट आहे म्हणून सांग. नाताळ आहेच जवळ."

कर्ट गेला. व्हर्लिनने आपल्या ट्रॅक्टरची बॅटरी आणली, पेट्रोलचा डबा बॉनेटवर बांधला, नळी सरळ कार्ब्युरेटरला लावली. गाडी चालणार नव्हती. चालली असती तर अर्धीच चालली असती. पण इंजिन सुरू होईल असं दोघांनाही वाटत होतं.

"बस तू स्टिअरिंगवर," व्हर्लिन म्हणाला.

"छे, तू बस."

"अरे बस. तू थोरला."

"कशाला, माझे गुडघे..."

व्हर्लिनने दम घेतला. "ऑरिन, बस तू."

"बरं, तू एवढं म्हणतोसच तर," म्हणेपर्यंत ऑरिन काठी टाकून आत बसलाही होता. गुडघ्यांचं त्याला आठवलं नाही. त्याने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, थुंकलं, निळा धूर सोडला, आणि मग बाप शेतावरून परत यायचा तेव्हाच्या त्याच जाड आवाजात धडधडायला लागलं. घराच्या खिडकीत अर्डिस दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी होती.

व्हर्लिन बाहेर, पाचोळ्यात, टोपी हातात घेऊन उभा होता. ऑरिनने वाकून पलीकडचं दार ढकललं.

"चढ."

"नको, तू बस की निवांत. मी इथून..."

"व्हर्लिन," ऑरिन म्हणाला, "मी एकदाच विचारणार आहे."

व्हर्लिन चढला. डब्यातलं पेट्रोल संपेपर्यंत दोघे तिथेच बसून राहिले.