रिकाम्या खुर्चीचा आवाज

"तुमच्या नणंदबाई फिटच्या गोळ्या न्यायला फिरकल्याच नाहीत हो," औषधवाल्याने मला सांगितलं होतं. "दुसरीकडून घेतल्या असतील," म्हणत मी विषय उडवून लावला.

पुढच्याच रविवारी वन्सं मला नादगुरूंकडे घेऊन गेल्या. नवरा गेल्यापासून त्या तिथे त्यांचा आवाज ऐकायला जायच्या. तळघरातली खोली, भिंतींना काळा फोम, माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसलेली. बाळ माझ्या मांडीवर.

"माणूस जातो, कंपनं राहतात," गुरू म्हणाले. "कॉम्प्युटर खोटं बोलत नाही. तो फक्त पकडतो."

त्यांनी रिकाम्या खुर्चीपुढे माइक ठेवला, पडद्यावर नवा ट्रॅक उघडला आणि लाल बटण दाबलं. कुणी श्वासही घेईना. बाळ तेवढं शिंकलं.

मग रेकॉर्डिंग लागलं. खरखर, बाळाची शिंक आणि वन्संच्या गेलेल्या नवऱ्याचा आवाज. "मी इथंच आहे. गोळ्या... नको घेऊस."

लोक रडू लागले. वन्सं मात्र हसत होत्या. ते हसू पाहून मला औषधवाल्याचं बोलणं आठवलं.

मी घरी मुलांसाठी गोष्टी रेकॉर्ड करते. आवाज पकडला की ट्रॅकवर रेघ उठते. इथली रेघ सपाट होती. एकच उंचवटा, शिंकेचा.

"गुरुजी, फक्त आत्ताचा ट्रॅक ऐकवा."

"ताई, कंपनांना चाळणी लावू नये."

"बाळाची शिंक बरी आली चाळणीतून."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाळाला कडेवर घेऊन मी पुढे झाले आणि त्या ट्रॅकचं 'सोलो' दाबलं, म्हणजे बाकीचे ट्रॅक बंद. खरखर, शिंक. बस्स.

पडद्यावरची यादी खाली सरकवली. तळाशी आणखी एक ट्रॅक दुमडून ठेवला होता आणि त्यात आवाजाचे तुकडे जोडलेले होते. 'कंपनं जुळवायला' म्हणून गुरूंनी वन्संचा फोन आधीच ठेवून घेतला होता. नवऱ्याने बोलून पाठवलेले जुने निरोप त्यातच होते. या सॉफ्टवेअरमध्ये कापलेला आवाज पुसला जात नाही, तुकड्याचं टोक ओढलं की पुन्हा उघडतो. मी 'गोळ्या'चं टोक ओढलं.

"गोळ्या घेतल्यास का गं? विसरू नकोस."

"हे रोज विचारायचे," वन्सं पुटपुटल्या. बाहेर पडताना जिन्यावरच त्यांना फिट आली. दवाखान्यात नेलं, म्हणून वाचल्या.

गुरूंनी गल्ली बदलली आहे. तिथेही गर्दी आहे म्हणे. मेलेल्या माणसाचा आवाज यंत्रातून आला, तर तो आधी यंत्रात कुणी घातला, एवढं विचारा. आणि तुमच्या ओळखीत नुकतंच कुणाचं माणूस गेलं असेल, तर आजच त्यांच्या घरी जा. "बरं आहे ना?" एवढंच विचारून परतू नका. औषधं चालू आहेत का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.