मूर्तीपाशी ठेवलेली चकती

माझ्या नवऱ्याचं नाक गेलं. म्हणजे नाक जागेवर आहे, चांगलं लांबसडक आहे, पण त्याला वास येत नाही. मागच्या पावसाळ्यात ताप आला, आणि जाताना वास घेऊन गेला. दुसऱ्या कोणाचा गेला असता तर एवढं बिघडलं नसतं. पण देवरावांचं गडचिरोलीत सुट्या चहापत्तीचं दुकान. मूठभर पत्ती नाकाशी नेऊन ते सांगत, हिला ओल लागली आहे, हिच्यात जुनी मिसळली आहे. धानोऱ्याचे हॉटेलवाले एसटीने येऊन त्यांच्याच हातची मिसळलेली पत्ती नेत.

आता हा माणूस वास येत नाही हे कबूल करेल तर शपथ! गॅसवर दूध जळून धूर गल्लीत गेला, आणि हे बाजूला बसून पेपर वाचत होते. मी ओरडले तर म्हणाले, "माह्यं लक्ष होतं." कपाळ लक्ष होतं! मग एकदा कुबट वास लागलेलं पोतं चांगल्या पत्तीत मिसळलं गेलं. गिऱ्हाइकं पुडे परत घेऊन आली. कोणी भांडलं नाही, उलट सगळे हळू आवाजात बोलले, आणि तेच यांना लागलं. त्यानंतर हे दुकानात बसेनात. शेजारच्या किराणावाल्या बाबूभाईंना म्हणाले, "तुमीच चालवा आता." बाबूभाई नको नको म्हणत होते, पण दोस्ताचा शब्द मोडवेना. रविवारी सकाळी ते किल्ली न्यायला येणार होते.

त्या सकाळी मला असा राग आला होता की काय सांगू. दुकान गेलं तर हा माणूस खाटेवर बसून राहील, आणि बसल्या बसल्या संपून जाईल, एवढंच मला दिसत होतं. राग आला की मी साफसफाई काढते. मुलगी रिना नागपूरहून आली होती, तिलाही कामाला लावलं. बुद्धमूर्तीचा कप्पा पुसताना तिने मागचं गोल पुडकं काढलं.

ते पुडकं माझ्या सासूबाईंचं, बायनाबाईंचं. विहारात एकदा बाहेरदेशचे भंते आले होते. आईंनी त्यांना जेवण दिलं, त्यांनी जाताना आईंच्या हातात ही ताटलीएवढी कडक चकती ठेवली. वर जाड कागद, कागदावर लाल चिनी अक्षरं. भंते काय बोलले ते कोणालाच कळलं नाही. सगळ्यांनी साधु, साधु, साधु म्हटलं. "धम्माचं काई असन," म्हणत आईंनी ती मूर्तीपाशी ठेवली. आमच्या घरात अंधश्रद्धेला थारा नाही, त्यावर आईच आम्हाला भाषण देत. तरी रोज वंदनेला बसल्या की चंदनाची अगरबत्ती नेमकी त्या चकतीसमोर खोचत. त्या गेल्यावर आम्हीही तिथेच खोचत राहिलो. उघडून पाहायचं कोणाच्या मनात आलं नाही.

रिनाने अक्षरांवर मोबाइल धरला आणि किंचाळली, "आई, ही तं चाय हाये!"

"काय सांगून राह्यली!"

"चीनची. आंबवून, दाबून ठेवतात. जुनी झाली की अजून चांगली होते म्हणे." पुढचं वाचताना तिचा आवाज बारीक झाला. "पण वासाच्या वस्तूजवळ ठेवायची नाई."

आम्ही दोघींनी अगरबत्तीच्या स्टँडकडे पाहिलं. मग मला हसू फुटलं. चहावाल्याच्या घरात इतकी वर्षं चहाला वंदन!

तेवढ्यात बाबूभाई आले. यांनी किल्ली आधीच टेबलावर काढून ठेवली होती. रिनाने किल्लीशेजारी चकती ठेवली आणि म्हणाली, "बाबा, किल्ली देण्याआधी एवढी पाहून द्या."

यांनी नको म्हणण्याआधी यांचे हातच पुढे झाले. कागद उलगडला, कडेवर अंगठा दाबला, चकती उजेडात फिरवली. "बुरशी नाई. पानं अख्खी हायेत, चुरा नाई." पोतं शिवायच्या दाभणाने एक तुकडा हळूच सोडवला, आणि सवयीने नाकाशी न्यायला उचलला. हात अर्ध्यात थांबला. तुकडा त्यांनी खाली ठेवला. "बाबूभाई, तुमी पाहा."

मला ते बघवलं नाही. मी आधण ठेवायला आत गेले.

पहिलं पाणी फेकायचं असतं म्हणे, पानं धुवायला. मला ते फेकवेना, रिनानेच फेकलं. दूध नाही, साखर नाही. दुसरं पाणी काचेच्या ग्लासात ओतलं, तर गडद लाल, पण आरपार दिसेल असं. यांनी ग्लास खिडकीकडे धरला. "गढूळ नाई," एवढंच म्हणाले.

बाबूभाईंनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "भाभी, ये तो पूरी अगरबत्ती है!"

खरंच होतं. माझ्याही तोंडात नुसतं चंदन. रिनाने ग्लास खाली ठेवला. "गेली वाया. आपणच घालवली."

हे मात्र पीत होते. घोट तोंडात धरत, गिळत, पुन्हा घेत. "अगरबत्ती कुठी हाये?" त्यांनी विचारलं. "मले तं जाड लागून राह्यली. तुपासारखी उतरते. पह्यले कडू, मंग..." त्यांनी गळ्यावर हात ठेवला. "मंग घशातून गोड वापस येऊन राह्यलं. साखर टाकली का तुमी?"

"नाई," मी म्हटलं.

"बाबा!" रिना मोबाइलवरून ओरडली. "चांगली असली का तसंच होते! घशात गोडी वापस आली पायजे, त्याच्यानंच ओळखतात!"

बाबूभाईंनी पुन्हा एक घोट घेऊन पाहिला. "मले नाई समजत. अगरबत्तीच्या पुढे काई जाऊच देत नाई ती."

यांनी मग त्याच पानांवर स्वतः पाणी ओतलं, आणखी एक ग्लास प्यायले. ताप गेल्यापासून या माणसाने मागून चहा घेतला नव्हता. आणि मग ग्लास हातात धरूनच त्यांनी मला ते विचारलं, जे इतक्या महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं.

"रिनाची माय, वास कसा येते इचा? सांग बरं मले."

मी माझा ग्लास नाकाशी नेला. म्हटलं, "आई वंदना करून उठत ना, तवा त्यायच्या लुगड्याले येत होता, तो. थोडासा धुराचा. अन् खाली ओल्या मातीवानी काईतरी."

त्यांनी मान हलवली.

"माहा घसा हाये अजून," ते म्हणाले. "नाक तुह्यं चालन. येशीन का दुकानात?"

"अन् सयपाक कोन करन?" मी खेकसले, कारण रडू लपवायला मला दुसरं काही येत नाही.

बाबूभाईंनी टेबलावरची किल्ली उचलली आणि माझ्यापुढे ठेवली.