केटली घेऊन गेलेला माणूस

टीव्हीवरचं एक चांगलं नाटक समाजाचं अंतःकरण बदलू शकतं, यावर आमच्या टेंटर स्ट्रीटचा गाढ विश्वास आहे. एकाहत्तर साली तसं एक नाटक लागलं, अंतःकरणं बदलली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कसायाने विल्फ अ‍ॅशवर्थला सॉसेज द्यायला नकार दिला.

"संपले," तो म्हणाला. त्याच्या डोक्यामागे दोन हात लांब माळ लटकत होती.

विल्फ बसवर कंडक्टर होता. शनिवारी क्लबात विनोद सांगायचा आणि लोक हसायचे, कधीकधी विनोदालाही. नाटकवाल्यांना नट नको होते, खरी माणसं हवी होती. त्यांनी क्लबात येऊन विल्फला उचललं. नाटकाचं नाव 'दाराबाहेर'. भाडं थकलेल्या एका विधवेला कौन्सिल, म्हणजे घरमालक असलेली नगरपालिका, तीन पोरांसकट घराबाहेर काढते, ही गोष्ट. काढणारा माणूस विल्फ. त्याला वाक्य एकही नव्हतं. सामान रस्त्यावर गेलेलं असतं, शेगडीवर केटली उकळत असते. विल्फ गॅस बंद करतो, पाणी सिंकमध्ये ओततो, केटली काखेत मारतो आणि चालू लागतो. बस्स. अख्ख्या देशाला वाटलं, याला आत्ताच्या आत्ता कोणीतरी बदडावं.

आमच्या गल्लीने ते नाटक डोरिन हार्ग्रीव्ह्जच्या पुढच्या खोलीत दाटीवाटीने बसून पाहिलं. डोरिन विल्फच्या शेजारीच राहते. तेव्हा टीव्ही भाड्याने मिळायचे आणि मागे पत्र्याची एक पेटी असायची. नाणं टाकलं की चित्र, नाणं संपलं की काळोख. विल्फ केटली घेऊन दाराबाहेर पडला आणि नाणं संपलं. पुढचं कोणी टाकायचं यावर चर्चा झाली. मागचं आपलंच होतं, असं प्रत्येकाचं म्हणणं पडलं. गरिबांबद्दलच्या कळवळ्याने डोळे पुसत सगळे आपापल्या घरी गेले.

त्यामुळे शेवट कोणी पाहिलाच नाही. विल्फ सांगत फिरला, "अरे, मी परत येतो! पुढे मी परत येतो!" पण असं सगळेच म्हणतात. शेजारच्या गल्लीने नाटक पूर्ण पाहिलं होतं, पण शेजारच्या गल्लीचं ऐकायची आमच्याकडे पद्धत नाही. दूरच्या गावांहून विल्फला कौतुकाची पत्रं आली. डोरिन म्हणाली, "स्वतःच लिहून टाकत असेल टपालपेटीत."

कसाई नाताळापर्यंत विरघळला. डोरिन नाही. ती अकरा वर्षांची असताना तिच्या आईला असंच घराबाहेर काढलं होतं; फुटपाथवर पलंग आणि पलंगावर भिंतीवरचं घड्याळ. त्या नाटकानंतर ती विल्फशी एक शब्द बोलली नाही. मध्ये एकच भिंत, तिच्यातून एकमेकांचा खोकला ऐकू येतो, पण शब्द नाही.

आणि दाखवायला पुरावाही उरला नाही. नाटकाची टेप पुसून तिच्यावर घोड्यांच्या उड्यांचा कार्यक्रम भरला गेला होता.

खरं तर तसल्या नाटकांचे आमच्यावर फार उपकार आहेत. त्याआधी टीव्हीतली माणसं जेवायलाही कोट घालून बसत. 'दाराबाहेर'मध्ये भिंतीला ओल होती. माझी आई ती ओल बघून अभिमानाने म्हणाली होती, "बघ, अगदी आपल्यासारखी!" आमचं बोलणं, आमच्या दोऱ्यांवरचे कपडे, आमचा खोकला, हे सगळं बघण्यासारखं आहे असं आम्हाला पहिल्यांदा कळलं.

गेल्या वर्षी एका म्हाताऱ्या तंत्रज्ञाच्या गॅरेजमध्ये नाटकाची प्रत सापडली. आमच्या वाचनालयातल्या साइमाने ती दाखवायचं ठरवलं आणि विल्फला फोन केला.

"शेवट आहे का त्यात?" विल्फने आधी हेच विचारलं.

"पूर्ण आहे, मिस्टर अ‍ॅशवर्थ."

"मग डोरिनला बोलव, बाळा. माझं नाव काढू नकोस. खायला काय आहे ते सांग."

रविवारी दुपारी डोरिन वाचनालयाच्या सभागृहात आली. कोट न काढता बसली. विल्फ मागच्या रांगेत, दोन्ही हात काठीवर. दिवे मालवले, आणि ओल दिसताच सभागृहाने सुस्कारा टाकला. सगळं नीट चाललं होतं. फक्त साइमाने चहाची सुट्टी बरोबर मध्यावर ठेवली होती, आणि मध्य आला तो विल्फ केटली घेऊन बाहेर पडतो तिथे.

दिवे लागले. डोरिन उठली.

"झालं माझं," ती साइमाला म्हणाली. "तेव्हा होता तस्साच आहे."

वय पंच्याऐंशी, गुडघे दोन्ही बदललेले, पण विल्फ तिच्याआधी दाराशी पोचला.

"डोरिन, अजून संपलं नाही."

"साइमा, या गृहस्थांना बाजूला व्हायला सांग."

"मिस्टर अ‍ॅशवर्थ, जाऊ द्या ना त्यांना..."

"नाही जाऊ देणार!"

"बघ गं," डोरिन म्हणाली, "तेव्हा बाईला आत राहू देत नव्हता, आता बाहेर जाऊ देत नाही."

सभागृह हसलं. विल्फच्या कुठल्याही विनोदाला इतकं हसू आलं नव्हतं.

"थोडंच राहिलंय," विल्फ म्हणाला. "तेवढं बघ. मग मरेपर्यंत बोलू नकोस, मी काही म्हणणार नाही."

"मरेपर्यंत म्हणजे असं किती राहिलंय," डोरिन छताला म्हणाली.

साइमा हुशार. तिने जॅम लावलेला स्कोन, म्हणजे चहाबरोबरचा गोडसर पाव, बशीत घालून डोरिनच्या हातात दिला. भरली बशी हातात घेऊन निघून जाणं आमच्यात बसत नाही. डोरिन बसली.

दिवे पुन्हा मालवले. पडद्यावर तिशीतला विल्फ गल्लीच्या टोकाला थांबतो. काखेतल्या केटलीकडे बघतो. मागे वळतो. एका दारावर थाप मारून केटली पुढे करतो. दार बंद होतं. दुसरंही होतं. तिसऱ्या दारातली बाई केटली आत नेते आणि उकळून आणून देते. मग तो फुटपाथवरच्या पलंगावर त्या विधवेशेजारी बसतो, कौन्सिलची टोपी काढून सामानाच्या ढिगावर ठेवतो आणि पोरांचे कप धरतो. शब्द एकही नाही.

दिवे लागले. प्रेक्षकांपैकी एकाने विल्फला विचारलं, इतकी वर्षं लोकांनी राग धरला, वाईट नाही वाटलं?

"वाईट कशाचं?" विल्फ म्हणाला. "क्लबात मला इतकं मनावर कोणी घेतलं नव्हतं. मी आभारी आहे त्यांचा. फक्त शेवट बघायला हवा होता."

डोरिनच्या बशीत स्कोन तसाच होता. "आमच्या आईला कोणी केटली नाही आणून दिली," ती बशीकडे बघत म्हणाली. "पण कुणाच्या मनात तरी आलं."

मग तिने कोटाची बटणं लावली, विल्फसमोर येऊन उभी राहिली आणि थेट त्याच्याकडे बघून म्हणाली, "तुझं पुढचं कुंपण माझ्या खिडकीवर आलंय. छाट."

विल्फने सोमवारीच छाटलं. तेव्हापासून डोरिन त्याच्याशी रोज बोलते. कुंपण जास्त छाटलं गेलं, त्याबद्दल.