शेजारच्या खुर्चीवरचा फेटा

आमच्या लग्नाचा फोटो खोडाळ्याच्या घरात आजही भिंतीवर आहे. त्यात मी एकटीच आहे. शेजारी लाकडी खुर्ची, आणि खुर्चीवर फेटा. ज्यांचा तो फेटा, ते कॅमेऱ्याच्या मागे उभे होते. कारण त्या काळी आमच्या पंचक्रोशीत कॅमेरा बाळगणारा माणूस एकच होता आणि नेमके त्याच्याशीच माझे लग्न लागत होते. खुर्ची राखून ठेवली आहे, पुढे कधीतरी भरून काढू, असे त्यांनी मंडपात सर्वांदेखत सांगितले. त्या ‘कधीतरी’ला यंदाच्या मार्गशीर्षात पन्नास वर्षे पूर्ण होतात.

मी तीस वर्षे शाळेत शिकवले आणि त्यातली बारा मुख्याध्यापिका म्हणून काढली. दिलेला शब्द विसरणाऱ्याला मी बाकावर उभे केले आहे. हे गृहस्थ तेवढे सुटले. त्यांनी बाजारपेठेत स्टुडिओ घातला, तीन पिढ्यांची लग्ने टिपली आणि आपला कॅमेरा कधी दुसऱ्याच्या हाती दिला नाही. म्हणून आम्हा दोघांचा फोटो नाही. नातवंडे हात लांब करून फोनवर जे काढतात, ते मी फोटो मानत नाही. त्यात माझे नाक आधी येते आणि मी मागून येते.

यंदा धाकटा चिरंजीव हरेश आम्हाला त्याच्या नोकरीच्या गावी, प्रागला, घेऊन गेला. निघताना जव्हारहून थोरली लेक कविता भेटायला आली. पन्नाशीच्या समारंभाच्या पत्रिकेवर दोघांचा फोटो हवा, आणि तो बाबांच्याच कॅमेऱ्यातला हवा, असे तिने बजावले. मी तिथल्या तिथे निर्णय दिला, की फोटो प्रागच्या चौकातल्या त्या जुन्या, प्रसिद्ध घड्याळासमोर निघेल. ह्यांनी मान डोलावली. त्यांची मान डोलते तेव्हा काम पुढे ढकलले गेले असे समजावे. प्रागमध्ये पंधरा दिवस गेले, आणि परतीच्या विमानाचा आदला दिवस उजाडला.

हरेश कचेरीत गेला होता. आम्ही दोघेच निघालो. कॅमेऱ्यात छत्तीस फोटोंचा अखेरचा रोल होता. घड्याळ संध्याकाळी बघू, तोवर उजेड वाया कशाला घालवायचा, असे ह्यांचे म्हणणे पडले.

सकाळी किल्ल्याचा चढ चढलो. हरेशने त्या चढाची फार धास्ती घातली होती; पण सूर्यमाळच्या पाड्यांवर पायी जाऊन मुले शाळेत आणलेल्या बाईला तो चढ कसला? मी वर पोहोचून श्वास घेतला तरी हे खालीच एका दाराच्या कडीचा फोटो घेत होते. पुढे एका छपरावरचे कबुतर झाले, मग दुसऱ्या छपरावरचे दुसरे कबुतर झाले.

“किती उरले?” मी विचारले.

“चोवीस.”

“कबुतरे खोडाळ्याला नाहीत?”

“आहेत, पण ती ओळखीची आहेत, बाई.”

सारे गाव मला बाई म्हणते. नवऱ्यानेही तेच उचलले आहे.

दुपारी नदीकाठच्या बाकावर बसून आम्ही डबा उघडला. नागलीचे पीठ मी घरून नेले होते. भाकरी खाताना ह्यांनी पाण्याकडे पाहिले आणि आपल्याकडे दाभोशाला कड्यावरून उडी घेणाऱ्या नदीला असे शिस्तीत वाहता येत नाही, असा शेरा मारला. ह्यांनी दुसऱ्यांच्या शिस्तीवर बोलावे, याचे मला कौतुक वाटले.

पुलावर खरा घोळ झाला. तिथे एक नवपरिणीत जोडपे कोणाच्या तरी फोनपुढे वाकडेतिकडे उभे होते. ह्यांना ते पाहवेना. ते सरळ पुढे गेले, नवरीची हनुवटी कशी असावी ते स्वतःची हनुवटी वर करून दाखवले, आणि नवरदेवाला शुद्ध मराठीत सुनावले, “तू थोडा मागे हो. लग्न तुझे असले तरी फोटो तिचा आहे.” तो मुलगा निमूट मागे झाला. नवरी दगडासारखी स्तब्ध उभी राहिली, वाऱ्याने डोक्यावरचे ते पदरासारखे पांढरे कापड उडाले तरी हलली नाही. ह्यांनी त्या जोडप्याचे एकामागून एक नऊ फोटो घेतले, आणि फोटो मागवायला हरेशचा पत्ता कागदावर लिहून दिला.

परक्या जोडप्याला जागच्या जागी उभे करणाऱ्या माणसाला स्वतःच्या बायकोशेजारी उभे राहता येत नाही, हे मी त्यांना चालता चालता ऐकवले. त्यांनी वाटेतल्या दिव्यांचे आणि कमानींचे फोटो घ्यायला सुरुवात केली. मी चौकापर्यंत त्यांच्याशी बोलले नाही. शाळेत माझे बोलणे जितके झोंबे, त्याहून माझे न बोलणे झोंबत असे.

घड्याळासमोर पोहोचलो तेव्हा उन्हे कलली होती. मी हात पुढे केला आणि विचारले, “आता किती?”

त्यांनी कॅमेरा उलटा करून पाहिला, पुन्हा पाहिला.

“एक.”

मी दगडी पायरीवर बसले. रागाचे शब्द तयार होते; पण समोर पाहिले तर ह्यांचा चेहरा गृहपाठ न केलेल्या मुलासारखा झाला होता. पन्नास वर्षांत प्रथमच मला त्या भिंतीवरच्या फेट्याची आठवण रागाने न येता निराळीच आली. मी एवढेच म्हणाले, “मी म्हातारी झाले हो. खुर्ची किती दिवस राखायची?”

ते चौकात नजर फिरवू लागले. कोपऱ्यातल्या उपाहारगृहाबाहेर पुलावरची तीच नवरी बूट काढून बसली होती. हे तिच्याकडे गेले, गळ्यातला पट्टा काढला आणि कॅमेरा तिच्या हाती दिला.

“ही उभी राहताना हलली नाही,” परत येऊन ते म्हणाले. “कॅमेराही हलवणार नाही.”

आम्ही शेजारी शेजारी उभे राहिलो. मी पदर नीट केला. त्यांनी टोपी सरळ केली. नवरी अनवाणी पायांनी मागे मागे गेली, तिने बोट उंचावले. आणि आमच्या पाठीमागे ढोल वाजला.

आता, मी मूळची मोखाड्याची. माझ्या माहेरी बोहाड्यात, म्हणजे देवादिकांच्या मुखवट्यांच्या उत्सवात, वाघाचे सोंग नाचवण्याचा मान आहे. ढोल वाजला की सोंग येते, आणि सोंग आले की बसलेल्याने उठायचे, उभ्याने त्याच्याकडे तोंड करायचे, हात जोडायचे. लाकडी मुखवट्याला पाठ दाखवलेली आमच्या घरात कोणी पाहिलेली नाही. खोडाळ्यातही तीच रीत. आम्ही दोघे, एकमेकांना न विचारता, गर्रकन वळलो.

समोर शिंगांचा लाकडी मुखवटा चढवलेला एक उंच खेळकरी नाचत होता. रस्त्यावर करमणूक करणाराच तो. पण मुखवटा मुखवटा असतो. आम्ही हात जोडले. तो नाचता नाचता थबकला, आणि त्यानेही कमरेत वाकून नमस्कार केला.

मागून कॅमेऱ्याचा खटका ऐकू आला.

“गेला,” हे पुटपुटले.

नवरी बिचारी ओशाळली, स्वतःचा फोन काढू लागली. ह्यांनी नको म्हणून मान हलवली. मीही हलवली.

रोल ठाण्याहून धुऊन आला. कविताने तो फोटो पाहिला आणि तोंड पाडून म्हणाली, “आई, यात तुमच्या दोघांच्या पाठीच दिसतायत. पत्रिकेवर चेहरे नकोत का?”

“चेहरे गावाला पाठ आहेत,” मी म्हणाले. “छाप.”

फोटो तसा चांगला आहे. माझ्या लुगड्याची किनार, त्यांची टोपी, जोडलेल्या हातांची एकमेकांना टेकलेली कोपरे, आणि पुढे वाकलेला शिंगांचा मुखवटा. घड्याळ अर्धे कापले गेले आहे. फोटो जरा तिरका आला, असा दोष ह्यांनी काढला आणि दुसरा घ्यायला हवा असे सुचवले. मी लग्नाच्या फोटोशेजारी खिळा ठोकायला सांगितला, आणि खिळा ठोकून होईपर्यंत त्यांचा कॅमेरा माझ्या हातात ठेवून घेतला.