ओटीतलं बी

सोलापुरात मार्शल लॉ लागला त्या साली मथुरा वेळापूरहून दुधनीला नांदायला आली, ती आईने ओटीत घातलेलं मिरचीचं बी घेऊन. त्याच पावसाळ्यात बुरशीने मुळं कुजून गावच्या मिरच्या उभ्या वाळल्या. मथुरेने लावलेल्या तेवढ्या हिरव्यागार राहिल्या.

झालं! सुनेच्या हातालाच गुण आहे, असं सासू दगडाबाईने ठरवून टाकलं. तेव्हापासून माहेर तुटलं. दर पंचमीला भाऊ न्यायला यायचा नि चहा पिऊन एकटाच परतायचा. "मग मिरची कुणी बघायची?" दगडाबाई म्हणायची. हातगुण कसला, मेला साखळदंडच तो!

यंदा मथुरेने हात मुरगळल्याचं सोंग केलं. त्याच बियाची सगळी लावण सासूला करावी लागली. शेजारची रानं वाळली, पण दगडाबाईच्या हातची झाडं तरारून उभी राहिली. त्यातच आई अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला. मथुरा सासूला बांधावर घेऊन गेली.

"बघा की आत्याबाई, माजा हातच लागला न्हाय. गुण बियाचा हाय. आयच्या झाडातनं लेकीच्या झाडात उतरतो. आता तरी जाऊ द्या मला."

दगडाबाईने वाकून एका झाडाचं खोड चाचपलं. "व्हय गं, खरं हाय तुजं. जा, भेटून ये."

मथुरेचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात सासूने तिच्या कडेवरची तान्ही लेक सखू अलगद आपल्याकडे घेतली.

"पर ही हितंच ऱ्हाईल. गुण लेकीत उतरतो म्हनतीस, मग हिला परक्या घरी कशाला द्यायची? माज्या लेकीच्या पोराला दिऊ. घरचं बी घरात ऱ्हाईल."