सावली सरकायची वेळ

मेक्सिकोतल्या सोनोराच्या आमच्या डोंगरात हरणाची शिकार म्हणजे दगडावर बसायचं, समोरच्या उतारावर दुर्बीण रोखायची आणि बूड बधिर होईपर्यंत हलायचं नाही. माझे दाजी, निचो बोहोर्केस, तेहेतीस वर्षं गिऱ्हाइकांना अशी हरणं दाखवत आले. गेली दोन वर्षं त्यांना लांबचं दिसत नाही, हे ताईला, मला आणि दाजींना ठाऊक होतं. पैकी दाजींना ते मान्य नव्हतं.

रँचच्या मालकांना मात्र संशय आला. "हे गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं," ते म्हणाले, "तर निचोनं पुढच्या हंगामात कोंबड्या राखाव्यात. डोंगरात उलिसेस जाईल." उलिसेस हा मालकांचा पुतण्या. त्याची नजर घारीची, आणि ती तो सगळ्यांना ऐकवतो.

गिऱ्हाईक होतं मिस्टर टिपेट, नेब्रास्कातले छपरं घालणारे ठेकेदार. मी दुभाष्या. पहिल्या दिवशी दाजींनी त्यांना एक भव्य नर दाखवला. साहेब सव्वा तास त्याच्याकडे बघत बसले. तो जळका बुंधा होता. दुसऱ्या दिवशी दाजींनी त्याहून मोठा नर दाखवला. बुंधा तोच, फक्त आम्ही पलीकडच्या बाजूला बसलो होतो.

"दाजी, तो हलत नाहीये," मी हळूच म्हणालो.

"त्याला सांग, फार धीराचा प्राणी आहे."

मी सांगितलं. साहेबांनी वहीत लिहून घेतलं.

तिसरा दिवस शेवटचा. दुपारी बारा वाजता उलिसेस आपलं गिऱ्हाईक घेऊन खालच्या वाटेनं जेवायला निघाला. "निचोकाका, चला की. सुक्या मांसाचा माचाका गार होतोय. का बुंधा उठायची वाट बघताय?"

तो दिसेनासा झाल्यावर दाजी मला म्हणाले, "मेव्हण्या, त्या मोठ्या पालोफिएर्रोच्या झाडाची सावली कुठवर आलीय?"

"खोडापासून हातभर."

"म्हणजे वीस मिनिटांत तिथं बसलेल्याच्या नाकावर ऊन येईल. ऊन आलं की तो उठणार, अंग ताणणार, चार पावलं चालून दुसऱ्या सावलीत बसणार. सगळं मिळून अर्धं मिनिट. नेमके तेव्हा हे सगळे शहाणे जेवत असतात."

"पण तिथं बसलंय कोण?"

"मला काय विचारतोस? मला दिसत नाही."

दोन वर्षांत पहिल्यांदा ते हे वाक्य बोलले, आणि तेही खिशातली तिखटाची डबी शोधता शोधता.

"मलाही एवढ्या लांबचं हरीण ओळखू येत नाही," मी म्हणालो.

"मग साहेबाला सांग. झाड दाखव आणि म्हणावं, आज आम्ही बोट दाखवणार नाही. तू बघ."

मी सांगितलं. टिपेटसाहेब एकदम गंभीर झाले. तीन दिवसांत त्यांना कुणी पहिल्यांदाच काम दिलं होतं.

बारा वीस झाले. काही नाही. बारा सव्वीसला दाजी म्हणाले की माझं घड्याळ पुढे आहे. ताईला काय सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात साहेबांचा हात माझ्या गुडघ्यावर घट्ट बसला. झाडाखालचा एक राखाडी दगड उठून उभा राहिला आणि त्यानं मागचा पाय ताणला. साहेबांनी श्वास सोडला आणि गोळी झाडली. एकच.

"पडला?" दाजींनी विचारलं.

"पडला."

"शिंगं?"

"साहेब रडतायत."

"म्हणजे चांगली असणार."

तळावर साहेब मालकांशी वीस मिनिटं बोलले. मी अक्षराचीही भर घातली नाही, गरजच पडली नाही. "अकरा वर्षं शिकार करतोय," ते म्हणाले. "प्रत्येक वाटाड्या बोट दाखवतो आणि मी घोडा दाबतो. या माणसाला हरीण कुठं आहे ते ठाऊक होतं. तरी तो गप्प बसला. हे हरीण मी शोधलं." मग पुढच्या जानेवारीसाठी त्यांनी स्वतःसह चार मित्रांची नावं दिली. सगळ्यांना निचोच हवा होता.

मालकांनी दाजींकडे रोखून पाहिलं. दाजी शांतपणे रोटीत माचाका गुंडाळत होते.

"उलिसेस," मालक म्हणाले, "उद्यापासून निचोच्या हाताखाली बस. गिऱ्हाइकाला हरीण दाखवायचं नाही."

"पण काका, मला दिसतात ना."

"तीच अडचण आहे."

"शिकेल हळूहळू," दाजी म्हणाले.